शिक्षणाचे ऋण आणि शिक्षणाचे कर्ज

मराठीत 'ऋण' आणि 'कर्ज' हे दोन शब्द बहुधा एकमेकांच्या जागी वापरले जातात. व्यवहारात मात्र त्यांची प्रकृती भिन्न आहे. ऋण मानावे लागते, कर्ज फेडावे लागते. ऋणाला मुदत नसते, व्याज नसते आणि जामीनदारही नसतो. कर्जाला ही तिन्ही असतात. आपल्या समाजातील उच्चशिक्षित तरुणाच्या खांद्यावर आज ही दोन्ही ओझी एकाच वेळी येऊन पडतात. बँक त्याच्याकडे हप्ता मागते आणि समाज त्याच्याकडे समाजाचे ऋण मागतो. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे किती घरांत कोंडी झाली आहे, हे अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील पालक-भेटींतून आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत. म्हणून गौरवाचे शब्द इतर लेखकांवर सोपवून आम्ही या स्मरणिकेसाठी हा काहीसा रूक्ष विषय निवडला आहे. इतिहासाच्या शिक्षकाने हिशेबाच्या प्रांतात कशाला शिरावे, असे कोणी विचारील. परंतु हा हिशेब आपल्या इतिहासाचाच भाग आहे.

परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र आपण वर्गात शिकवतो तेव्हा कोलंबिया, लंडन, ग्रेज इन ही नावे मुले तोंडपाठ म्हणतात. त्या शिक्षणाचा पैसा कोठून आला, कोणत्या अटींवर आला आणि त्या अटींचे पुढे काय झाले, हा भाग मात्र आपण घाईने उरकतो. वास्तविक तोच भाग आजच्या विद्यार्थ्याच्या अधिक उपयोगाचा आहे.

१९१३ साली श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी बाबासाहेबांना अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. ती विनाअट नव्हती. ४ जून १९१३ रोजी बडोदा येथे करारावर सही झाली. नेमून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करावयाचा आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करावयाची, असा तो करार होता. आजच्या भाषेत सांगावयाचे तर परतफेड रोखीने नव्हती, श्रमाने होती. पुढे शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनमधील अभ्यास अर्धा राहिला आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेबांना मायदेशी परतावे लागले. ज्या जहाजातून त्यांचे सामान येत होते ते महायुद्धात बुडविले गेले. त्या सामानाच्या भरपाईपोटी थॉमस कुक कंपनीकडून जे सहाशे रुपये मिळाले, त्यांतूनच बडोद्यास जाण्याचा खर्च निघाला. करार पाळण्यासाठी निघालेल्या माणसाच्या खिशात तिकिटाचे पैसेही आपल्या बुडालेल्या सामानाचे होते, ही गोष्ट आम्हांस त्या काळाच्या अनेक वर्णनांहून अधिक बोलकी वाटते.

बडोद्यात काय घडले ते सर्वांस ठाऊक आहे. संस्थानात अधिकाराची जागा मिळाली, पण राहावयास खोली मिळाली नाही. नाव बदलून पारशी विश्रामगृहात आश्रय घेतला, आणि अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेला जमाव दारात आला. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोन मित्रांनीही घरात घेण्याचे टाळले. रात्रीच्या गाडीस वेळ होता म्हणून पाच तास कामाठी बागेत बसून काढले. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात नोंदवून ठेवली आहे. तिचा अर्थ आपण अस्पृश्यतेच्या क्रौर्यापुरता घेतो, आणि तो बरोबरच आहे. पण करारनामा पुढे ठेवून हीच हकीकत वाचली तर आणखी एक गोष्ट दिसते. दहा वर्षांच्या सेवेची अट अपुरी राहिली, ती ऋणकोच्या अनिच्छेमुळे नव्हे आणि अपात्रतेमुळे तर नव्हेच. फेडण्याची पात्रता त्याने कमावली होती. ती वापरावयास लागणारी चार भिंतींची जागा समाजाने नाकारली.

आज कर्ज थकलेल्या आपल्या मुलांकडे पाहताना हे विसरू नये. पदवी सारखी असते, गुण सारखे असतात, पण पुण्यात किंवा नागपुरात पहिली नोकरी लागल्यावर आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारली जाणे अद्याप संपलेले नाही. कोणाच्या मामाचा दवाखाना असतो, कोणाच्या काकांची कंपनी असते. आपल्या मुलाला पहिली दोन वर्षे ओळखीवाचून काढावी लागतात. बँकेचे घड्याळ मात्र दोघांसाठी एकाच वेगाने चालते.

मुंबईस परतल्यावर बाबासाहेबांनी शिकवण्या केल्या, शेअरबाजारातील गुंतवणूकदारांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढून पाहिला. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक तुटले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात दरमहा साडेचारशे रुपयांवर प्राध्यापकाची जागा मिळाली. एवढ्या पगारात राहणीमान उंचावणे सहज शक्य होते. त्यांनी मात्र परळच्या चाळीतील दोन खोल्या सोडल्या नाहीत. रमाईंनी ठरावीक रकमेत संसार चालविला आणि उरलेला पैसा लंडनसाठी साठत गेला. लंडन विद्यापीठाने अभ्यास पुन्हा सुरू करण्यास ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांची सवलत दिलेली होती, म्हणजे मुदत डोक्यावर होतीच. मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली आणि बचत अपुरी पडत होती म्हणून नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले.

येथे एक त्रैराशिक मांडून पाहावे. पाच हजार रुपये म्हणजे त्या पगाराच्या हिशेबाने सुमारे अकरा महिन्यांची मिळकत. आज आठ लाखांचे कर्ज घेऊन अभियंता झालेल्या आणि वीस हजारांवर नोकरीस लागलेल्या मुलाचे देणे किती महिन्यांच्या पगाराएवढे असते, ते पुढे येईलच.

लंडनचे प्रकरण आणखी एका कारणासाठी अभ्यासण्याजोगे आहे. १९२० च्या आरंभी एका रुपयास जवळजवळ दोन शिलिंग दहा पेन्स मिळत होते. १९२१ साली तोच रुपया एक शिलिंग चार पेन्सांच्या आसपास घसरला. म्हणजे सातेक रुपयांना मिळणारा पौंड पंधरा रुपयांना जाऊन पोहोचला. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारा हा विद्यार्थी त्याच प्रश्नाची झळ स्वतःच्या जेवणाच्या खर्चात सोशीत होता. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी राजर्षी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड मागितले. ते दान म्हणून नव्हे, कर्ज म्हणून, आणि मायदेशी परतल्यावर व्याजासह फेडीन अशी हमी देऊन. ज्या राजाने चळवळीला आधीच उदार साहाय्य केले होते, त्याच्यापुढेही त्यांनी मागणी केली ती व्यवहाराच्या भाषेत. ऋण आणि कर्ज यांतील सीमा त्यांच्या मनात किती स्पष्ट होती, याचे याहून चांगले उदाहरण आमच्या वाचनात नाही.

बॅरिस्टर होऊन परतल्यावरही वकिलीची सनद घेण्यास पैसे नव्हते. तेही भथेनांनीच दिले. जुलै १९२३ मध्ये वकिली सुरू झाली, पण अशील लगेच येत नव्हते. १९२५ ते १९२८ या काळात बाबासाहेब बाटलीबॉय यांच्या हिशेबनीस प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते. जगातील तीन नामांकित संस्थांचा हा पदवीधर अर्धवेळ मास्तरकीत कमीपणा मानीत नव्हता.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. आमच्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी कर्ज म्हणजे सावकार. कापसाचे पीक घरात येण्यापूर्वीच त्याचे वजन सावकाराच्या वहीत चढत असे. गाडगेबाबांच्या मामांची जमीनही सावकारीच्या पाशातच गेली होती, आणि पुढे बाबांनी कीर्तनांतून कर्ज काढून सण-लग्ने करू नका व पोरांना शाळेत घाला, या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या. त्यांनी जेथून लोकसेवेला आरंभ केला त्या पूर्णाकाठच्या गावाचे नावच ऋणमोचन, हा एक योगायोग. बाबांच्या वेळी शिक्षणासाठी बँकेचे कर्ज ही कल्पनाच खेड्यात नव्हती. त्यामुळे त्यांच्या दोन उपदेशांत विरोध नव्हता. आज शिकवायचे तर कर्ज काढावे लागते, आणि दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा भागांतील पालक सावकाराच्या आठवणीनेच बँकेच्या कागदावर सही करतो. न वाचता, मान खाली घालून, आणि पुढे नोटीस आली तर ती पेटीत दडवून.

आमची एक माजी विद्यार्थिनी दंतवैद्यकाची पदवी घेऊन एका खाजगी दवाखान्यात अल्प वेतनावर काम करते. तिच्या प्रवेशाच्या वर्षी गावाच्या फाट्यावर अभिनंदनाचा फलक लागला होता. हप्ते सुरू झाल्यापासून मात्र ती तीन वर्षे आपल्या स्नेहसंमेलनास आली नाही. विचारले तेव्हा म्हणाली, "सर, आले की सगळे देणगीचं विचारतात." बँकेची नोटीस वडिलांच्या नावे घरी आली होती, कारण ते सहकर्जदार. त्यांनी ती मुलीस दाखविलीच नाही, आणि दाखविली नाही म्हणून दंडाची रक्कम वाढली.

अशा घरांसाठी थोडे गणित. समजा, चार वर्षांच्या अभियांत्रिकीसाठी दरवर्षी दोन लाख याप्रमाणे आठ लाखांचे कर्ज घेतले आणि व्याजदर दहा टक्के आहे. शिक्षणाची चार वर्षे आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो. परंतु हप्ता नसणे म्हणजे व्याज नसणे नव्हे. पहिल्या वर्षी उचललेल्या दोन लाखांवर पाच वर्षांचे, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार वर्षांचे, असे सरळव्याज धरीत गेलो तर एकूण २,८०,००० रुपये होतात. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी कर्ज आठ लाख नसून १०,८०,००० आहे. वीस हजार पगाराच्या हिशेबाने ते चौपन्न महिन्यांचे, म्हणजे साडेचार वर्षांचे वेतन झाले. वर म्हटलेले अकरा महिने आठवावेत.

हे कर्ज दहा वर्षांत फेडावयाचे तर मासिक हप्ता सुमारे १४,२७० रुपये येतो आणि एकंदर भरणा १७ लाख १२ हजारांच्या घरात जातो. पहिल्या हप्त्यातील ९,००० रुपये निव्वळ व्याजाचे असतात. मुदत पंधरा वर्षे केली तर हप्ता ११,६०० पर्यंत उतरतो, पण एकंदर भरणा जवळजवळ २१ लाख होतो. उलट, शिक्षण चालू असतानाच व्याज भरीत गेले तर हप्ता साडेदहा हजारांवर येतो आणि एकूण सुमारे १ लाख ६४ हजार वाचतात. मजुरी करणाऱ्या घरास सगळे व्याज भरणे शक्य नाही, हे आम्ही जाणतो. पहिल्या वर्षीचे व्याज महिन्याला साधारण १,६७० रुपये असते, चौथ्या वर्षी ते त्याच्या चौपट होते. जेवढे वर्ष जमेल तेवढे भरावे. नोकरी स्थिरावल्यावर हप्त्याखेरीज दरमहा तीन हजार मुद्दलात भरत गेल्यास दहा वर्षांचे कर्ज साडेसात वर्षांच्या आत संपते. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतपूर्व भरण्यासाठी बँकेला दंड आकारता येत नाही.

मुळात कर्जाचा आकडा लहान ठेवणे हा पहिला उपाय, आणि येथे आपले लोक फार नुकसान करून घेतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळणारी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व शुल्कमाफी केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश घेतला तरच लागू होते. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ती दारे बंद. केवळ हव्या त्या शाखेच्या हट्टापायी, किंवा जात वैधता प्रमाणपत्र वेळेत न मिळाल्यामुळे, फेरीतील जागा सोडून लाखोंचे कर्ज अंगावर घेतलेली घरे आम्ही पाहिली आहेत. वैधतेचा अर्ज अकरावीतच करावा. हे शाळेने पालकांच्या मागे लागून करवून घ्यावयाचे काम आहे.

कर्ज घ्यावेच लागले तर कोणत्या शाखाधिकाऱ्याच्या मर्जीने नव्हे, नियमाने घ्यावे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी २०१५ पासून केंद्राची पतहमी योजना आहे. तिच्याखाली तारण किंवा तिसऱ्या व्यक्तीची जामीनकी लागत नाही. तरी खेड्यात सातबारा मागितला जातो आणि आपण तो मुकाट्याने नेऊन देतो. घराचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम देशातील मान्यताप्राप्त संस्थेतील तांत्रिक वा व्यावसायिक असेल, तर हप्ता सुरू होण्यापूर्वीच्या काळातील व्याज केंद्र सरकार भरते. वरील उदाहरणातील दोन लाख ऐंशी हजार म्हणजे हीच रक्कम. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला बँकेत देऊन वेळेवर मागणी नोंदवावी लागते. मागणी न केल्यामुळे अनेकांचे हे अनुदान हुकते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयातून राष्ट्रीय अनुसूचित जाती वित्त व विकास महामंडळाची सवलतीच्या दराची शैक्षणिक कर्ज योजनाही चालते. तिची चौकशी बँकेत जाण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे.

परदेशी वैद्यकीय शिक्षणाविषयी आम्ही स्पष्ट बोलू इच्छितो. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, फिलिपाईन्स या देशांत मुले पाठविणाऱ्या दलालांचे फलक आता तालुक्याच्या बसस्थानकावरही दिसतात. तेथील पदवी घेऊन आल्यावर येथे परवाना परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि तिच्यात पहिल्या खेपेस अपयश येणाऱ्यांची संख्या मोठी असते. परीक्षेची दुसरी, तिसरी खेप चालू असतानाच बँकेचा हप्ता सुरू होतो. शुल्क डॉलरमध्ये असल्याने रुपया घसरला की कर्ज आपोआप फुगते. लंडनमधील १९२१ साल पुन्हा घरी येते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुटले तेव्हा मुले परतली, शिक्षण अडले, कर्ज मात्र जागच्या जागी राहिले. परदेशी जाऊच नये असे आमचे म्हणणे नाही. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती यांसाठी आपल्या मुलांनी जोमाने प्रयत्न करावा. दलालाच्या सांगण्यावरून शेत गहाण टाकणे ही निराळी गोष्ट आहे.

हप्ता थकू लागला तर लपू नये. नव्वद दिवसांहून अधिक थकबाकी राहिली की खाते अनुत्पादक ठरते आणि पुढील सर्व कर्जांच्या वाटा अडतात. त्याआधीच शाखेत जाऊन, लेखी अर्ज देऊन, मुदत वाढवून मागावी. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्यावा. नोकरी सुटल्याचा किंवा वेतन कमी असल्याचा पुरावा जोडलेला अर्ज आणि मौन, यांत बँकेच्या दृष्टीने फार अंतर असते.

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकास गृहस्थाची चार सुखे सांगितली, असे अंगुत्तर निकायात आहे. संपत्ती असण्याचे सुख, तिचा उपभोग घेण्याचे सुख, कर्ज नसण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. तिसऱ्याला पालीत 'अनणसुख' म्हणतात. त्याच निकायातील इणसुत्तात दारिद्र्य, त्यातून कर्ज, त्यावर व्याज, मग तगादा, मग पाठलाग आणि शेवटी बंधन अशी पायरी-पायरीची साखळी दाखविली आहे. कर्जदारास प्रव्रज्या देऊ नये, असा विनयाचाही नियम आहे. आमच्या मते या नियमात कर्जदाराचा तिरस्कार नाही. घेणेकऱ्याचा हक्क संघाच्या दारात बुडू नये आणि देणेकऱ्याने संघाआड लपू नये, एवढाच त्याचा आशय. म्हणजे धम्मकार्याच्या नावावरसुद्धा कर्जफेड मागे टाकू नये, असे तथागतांच्या शासनात ठरले होते. मग पंचवीस वर्षांच्या मुलीकडून विहाराच्या बांधकामासाठी पहिल्या पगारातच अकरा हजार मागणारे आम्ही कोण?

समाजाचे ऋण मागू नये असे आम्ही म्हणत नाही. ते मागण्याची वेळ निवडावी, आणि रूपही. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे त्याच्याकडून वर्षाकाठी चार रविवार मागावेत. दहावी-बारावीच्या मुलांना शिकविण्यासाठी, अर्ज भरून देण्यासाठी. कर्ज फिटल्यानंतर पैसे मागावेत आणि तेव्हा संकोच करू नये. नोकरीत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी मात्र भथेनांची भूमिका घेण्याचा विचार करावा. लाखोंचे कर्ज फेडून देण्याची गरज नाही. पहिल्या नोकरीच्या शहरात एक महिना राहावयास जागा, भाड्याची अनामत रक्कम, परवाना परीक्षेचे शुल्क, नोंदणीची फी या लहान रकमांवाचून मोठी पदवी अडून राहते. सनदेचे पैसे नसते तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहीजण अमरावती, अकोला, अचलपूर येथील बँकांत सेवेत आहेत, काही निवृत्त झाले आहेत. दरवर्षी प्रवेशाची धावपळ सुरू होण्यापूर्वी, एप्रिल महिन्यातील एका रविवारी त्यांनी शाळेच्या ग्रंथालयात पालकांसोबत बसावे, अशी विनंती आम्ही त्यांना केली असून तिघांनी होकार कळविला आहे. ज्यांचे कर्ज चालू आहे त्यांनी मंजुरीपत्र, खात्याचा चालू उतारा, व्याज अनुदानाच्या मागणीची पोच आणि आलेली प्रत्येक नोटीस सोबत आणावी. पेटीत ठेवलेलीसुद्धा.